सरांच्या पाठीवरची अक्षरं

इथं तिरुपूरला नंबर शिवत नाहीत, दाबतात. गरम पत्र्याखाली जर्सी ठेवायची, वर नंबराचा कागद, दांडा खाली ओढायचा, बारा मोजायचे. झालं. मी दिवसभर तेच करतो. दाबलेला नंबर उसवत नाही. नखानं काढायला गेलं तर कापडच फाटतं. कधी सात नंबर हाताखाली आला की माझा हात जरा थांबतो, आणि शेजारचा तमिळ गडी माझ्याकडं बघून काहीतरी म्हणतो. तीन वर्षं झाली तरी तो काय म्हणतो ते मला पुरतं कळत नाही. तोंडावरून तरी 'मामा, झोपलास का' असं वाटतं.

मागच्या रविवारी लेकीचा फोन आला. ती लातूरला, आईजवळ. यंदा अकरावीला गेली, आणि कॉलेजही तेच, ज्याच्या भिंतीला टेकून माझं शिलाईचं दुकान होतं.

"बाबा, बास्केटबॉलला नाव देऊ का? सर तेच हायत."

मी म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो."

बाबा तर सरांचं नाव निघालं की हात जोडतो, मग त्याला आठवडा कशाला पाहिजे, असं तिला वाटलं असणार. पण मला पाहिजे होता. हात जोडणारा मीच, आणि नांदेडच्या मैदानावर हातात ब्लेड धरलेला माणूसही मीच.

सर दिसायला बास्केटबॉलचे वाटायचे नाहीत. उंची बेताची, पाय किंचित फेंगडे, डोक्याला कायम खोबरेल. मे महिन्यातसुद्धा अंगात निळं जॅकेट. खिशात शिट्टी नाही, फुटाणे. बास्केट टाकणारीला काही मिळायचं नाही, तिला पास देणारीला एक फुटाणा. त्यामुळं त्यांच्या पोरी एकमेकींना बॉल देण्यासाठी भांडायच्या. आणि जिनं सगळ्यात जास्त बास्केट टाकले, तिनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन सिमेंटचं कोर्ट झाडायचं. एकदा एका पोरीच्या बापानं विचारलं, "सर, जिंकून देणारीलाच शिक्षा?" सर म्हणाले, "शिक्षा कुठली? डोकं वर चढलं असंल तर वाकल्यावर उतरतंय."

त्यांचं सगळं बोलणं एसटीचं. पळायला लावायचं म्हणजे "सुटली, सुटली!" थांबवायचं म्हणजे "स्टॉप आला." एखादी आपली जागा सोडून भलतीकडं धावली की सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "ए बाई, तुझं तिकीट कुठलं? मग उतर की तिथं!" बॉल हातात धरून बसणारीला म्हणायचे, "तो काय बाळंतिणीचं लेकरू हाय का, छातीशी धरून बसायला?"

नावानं कुणाला हाक नाही. पहिल्या दिवशी पोरगी समोर उभी राहिली की एकच प्रश्न, "गाव?" पोरगी नाव सांगायला लागली तर हात वर करायचे. "नाव मार्कशीटवर हाय. इथं गाव." मग ती चार-पाच वर्षं उदगीर, निलंगा, देगलूर. औशाच्या दोघी होत्या तर एक औसा आणि एक मोठी औसा. मोठी औसा वयानं लहान होती, पण उंच होती.

मलाही त्यांनी असंच गावावरून ठेवून घेतलं. मी सातवीत शाळा सोडली, उमरीत शिवणकाम शिकलो, आणि बायको-लेकीला घेऊन, मशीन एसटीच्या टपावर टाकून लातूरला आलो. ओळखीचं कुणी नाही. कॉलेजच्या भिंतीला ताडपत्री बांधून बसलो, तर तिसऱ्याच दिवशी वॉचमन उठवायला आला. मी मशीनवर हात ठेवून उभा. मला अशा वेळी घाम फुटतो, अजूनही. तेवढ्यात सर आले. त्यांच्या हातात काखेत फाटलेली एक जर्सी होती.

"शिवता येतं का हे?"

मी उभ्या उभ्या शिवून दिली. त्यांनी शिवण ओढून बघितली.

"गाव?"

"उमरी."

"उमरी, उद्यापासून आमच्या जर्स्या तुझ्याकडं." मग वॉचमनकडं वळून म्हणाले, "हा आमचा हाय."

लातुरात मला 'आमचा' म्हणणारा तो पहिला माणूस. पुढं लेकीच्या शाळेचा दाखला अडला तेव्हा सरच माझ्याबरोबर शाळेत चालत आले. ती तिसरीत गेल्यावर मी त्यांना एक भेट दिली. लेकीला कागदावर मोठ्या अक्षरात 'प्रशिक्षक' लिहायला लावलं, ते कागद पांढऱ्या मांजरपाटावर ठेवून अक्षरं कापली आणि त्यांच्या निळ्या जॅकेटच्या पाठीवर शिवली. 'क्ष' कापताना दोनदा कापड वाया गेलं. सरांनी जॅकेट घातलं, मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला, ती काही दिसेना. म्हणाले, "बरं हाय. मागून येणाऱ्याला तरी कळंल."

पाच वाजले की मी मशीनवर फडकं टाकून रिंगच्या मागं जाऊन उभा राहायचो. खेळातलं मला काही कळत नव्हतं. पहिल्या वर्षी तर दोन्ही बाजूच्या रिंगा आपल्याच समजून मी पाहुण्या टीमच्या बास्केटलाही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "उमरी, तू कुणाकडून आलास ते एकदा ठरव." पण वेड लागलं ते लागलं.

आता नंबराची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच आलं.

सर पोरींना जर्सी द्यायचे ती कोरी. नंबर कमवायचा. कधी, कशानं, ते कुणाला सांगायचे नाहीत. एखाद्या दिवशी माझ्याकडं चिठ्ठी यायची, एसटीच्या तिकिटामागं लिहिलेली. 'देगलूर ११.' बस एवढंच. मी पांढऱ्या कापडाचा नंबर कापून शिवायचो, आणि ती पोरगी जर्सी छातीशी धरून घरी जायची. पण उशीर केला, खोटं बोलली, मैत्रिणीला खेळताना टाकून बोलली, की नंबर गेला. तिनं जर्सी घेऊन माझ्या दुकानात यायचं, स्टुलावर बसायचं आणि ब्लेडनं एकेक टाका आपल्या हातानं उसवायचा. उसवलेला नंबर माझ्या बिस्किटाच्या डब्यात. परत चिठ्ठी येईपर्यंत तिथंच. जर्सी उन्हानं विटलेली असायची, पण नंबराखालचं कापड गडदच राहायचं. त्यामुळं नंबर काढला तरी त्याची सावली पाठीवर दिसायची. जिचा गेला तिला ती जास्त लागायची.

आणि कारण सांगायचं नाही. हा सरांचा कडक नियम. "कारण म्हणजे फुटक्या माठातलं पाणी. ज्यानं आणलं त्याचेच पाय ओले." पोरींना हे पाठ होतं. मलाही ते लई भारी वाटायचं.

माझ्या बायकोला वाटायचं नाही. एकदा ती डबा घेऊन आली, तेव्हा मोठी औसा स्टुलावर बसून नाक ओढत टाके काढत होती. मी तिच्यासाठी चहा मागवला होता. ती गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचे सर देवमाणूस असतील. पण पोरी रडत का येतेत तुमच्याकडं?"

"शिस्त हाय ती."

"शिस्त हाय तर तुम्ही चहा कशाला पाजता?"

मी भाकरी खाल्ली. पण तो प्रश्न त्या दिवसापासून मशीनखाली पडलेल्या सुईसारखा होता. दिसत नाही, पण पाय टाकताना आठवते.

त्या वर्षी टीमचा जीव होती किल्लारी. सात नंबर. बुटकीच, पण मनगट असं की बॉल रिंगमध्ये पडताना जाळीचा आवाजसुद्धा हळू यायचा. बाकीच्या बहुतेक हॉस्टेलवर होत्या, ही गावाहून येऊन-जाऊन करायची. संध्याकाळी शेवटची जीप पकडायला पळायची तेव्हा सर ओरडायचे, "एवढं कोर्टात पळ की!" आणि ती पळता पळता हसायची.

नांदेडला मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. टीमबरोबर मीही निघालो. सुईदोरा, ब्लेड, डबा सगळं पिशवीत, कारण सामन्यात काहीतरी फाटतंच. एसटी साडेसहाची. सगळ्या आल्या, किल्लारी नाही. गाडी हलली. सरांनी मागं वळून बघितलं नाही.

सामना सुरू व्हायला थोडा वेळ असताना ती धापा टाकत आली. मागच्या गाडीनं एकटी आली होती. सरांनी माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं.

तोवर असं कधी झालं नव्हतं. उसवणं म्हणजे माझ्या ताडपत्रीखाली, स्टुलावर, चहाबरोबर. इथं चारही बाजूंना लोक. समोरची टीम बघतेय, पंच बघतोय. तिनं आत टी-शर्ट घातला होता. वरची जर्सी काढली, बाकावर बसली, ब्लेड घेतलं. दुसऱ्याच टाक्याला बोट कापलं. पांढऱ्या सातावर लाल ठिपका.

सर म्हणाले, "उमरी, तू काढ."

मी तिच्या शेजारी बसलो आणि उसवायला लागलो. ती समोर बघत हळू आवाजात बोलली, "मामा, मला सातची गाडी म्हणून सांगितलं होतं. वेळ बदलल्याचं रात्री ग्रुपवर टाकलं म्हणं. मला ग्रुप दिसत न्हाई. माझ्याकडं तसला फोन न्हाई. एक हाय तो बाबाकडं असतो, अन् बाबा कारखान्यावर."

"सरांना सांग की," मी पुटपुटलो.

"कारण सांगायचं न्हाई."

माझ्या हातात ब्लेड होतं आणि तोंडात तिची गोष्ट. सर चार पावलांवर उभे. मला फक्त मान वर करायची होती. मी केली नाही. वॉचमन, ताडपत्री, लेकीची शाळा, सगळं एकदम डोक्यात आलं. मी टाके काढत राहिलो. सात निघाला. बिननंबरी खेळाडूला पंच आत घेत नाही. ती पूर्ण सामना बाकावर बसली आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. हरल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून किल्लारी यायची बंद झाली. पोरींपैकी कुणीतरी तक्रारीचा अर्ज दिला, आणि आठवड्यानं मला प्राचार्यांचा शिपाई बोलवायला आला. केबिनमध्ये सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. पोरी भिंतीला चिकटून. प्राचार्यांनी प्रत्येकीला विचारलं, प्रत्येकीनं जमिनीकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले, "तुम्ही तिथं होतात. काय झालं?"

ज्या माणसानं मला बसायला जागा दिली त्याच्यासमोर उभं राहून मला बोलायचं होतं. मी बोललो. फोनचं सांगितलं, वेळ बदलल्याचं सांगितलं. "चूक तिची न्हवती, साहेब. नंबर मी काढला. मला काढतानाच कळलं होतं."

सर पहिल्यांदा वळले. "तुला तिथंच कळलं होतं?"

"हाव, सर."

"मग तिथंच का न्हाई बोललास?"

"तुम्ही कारण ऐकत न्हाईत, सर."

सर उठले आणि निघून गेले. प्राचार्य मला बसा म्हणाले, मी उभाच राहिलो.

तीन दिवस सर मैदानावर आले नाहीत. मी रोज सकाळी ताडपत्री बांधताना आज कुणीतरी उठवायला येणार असं धरून चालायचो. बायको म्हणाली, "उठवलं तर उठवलं. मशीन आपली हाय." चौथ्या दिवशी सर आले. स्टूल ओढून बसले, जॅकेट काढून मांडीवर पालथं घेतलं.

"ब्लेड दे."

मी शिवलेली चारही अक्षरं त्यांनी एकेक करून उसवली. बोटं जाड, टाके बारीक, तासभर लागला. खिशातल्या फुटाण्यांना हात लावला नाही. मी चहा मागवला तर म्हणाले, "पोरींना पाजतोस तोच ना?" आणि प्यायले. मग अक्षरं माझ्या पुढं ठेवली. "डब्यात टाक."

"परत कधी लावू, सर?"

"मला काय विचारतो? चिठ्ठी येईल तुझ्याकडं."

"कुणाची?"

"जिच्याकडून यायला पाहिजे तिची." आणि जॅकेट घालून गेले. निळ्या पाठीवर चार अक्षरांची गडद सावली. दुसऱ्या दिवशी पहाटे कोर्ट झाडायला ते स्वतः होते.

ते किल्लारी गावाला गेल्याचं मला पोरीनंच सांगितलं, पंधरा दिवसांनी परत आली तेव्हा. "मामा, सर आमच्या दारात आले. आईनं पाणी दिलं. बाजेवर बसले. मग म्हणाले, कारण सांग."

"मग?"

"सांगितलं फोनचं. म्हणाले, आणखी? मग मी सुरूच झाले. दोन वर्षांची सगळी कारणं सांगितली मी. जीप भरत न्हाई तोवर निघत न्हाई, पाळी, आईचं दुखणं, प्रॅक्टिकल, सगळं. मध्ये एकदासुद्धा थांबवलं न्हाई. त्यांची शेवटची जीप निघून गेली मामा, पण मी काय थांबले न्हाई." ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसले. "आमच्याच घरी झोपले, अन् सकाळच्या गाडीनं गेले."

तिच्या नंबराची सरांची चिठ्ठी त्या सकाळीच आली होती. 'किल्लारी ७. आजच.' मी सात परत शिवला. सावलीवर बरोबर बसला. रक्ताचा ठिपका धुऊन गेला नव्हता, पण ती म्हणाली राहू द्या.

कोर्टाच्या भिंतीला एक काळा फळा आला. वेळ, गाडी, जे काय असेल ते खडूनं तिथं. आणि चारचौघांत नंबर काढणं पुन्हा कधी झालं नाही.

सर बदलले असं मी म्हणणार नाही. ओरडणं तेच, तिकीट विचारणं तेच. मोठी औसा तर त्याच वर्षी खेळ सोडून गेली ती गेलीच. मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मामा, ते मैदान दिसलं तरी मी रस्ता बदलते." सर तिच्याही घरी गेले होते. ती बाहेर आली नाही. मीही तिला 'सर चांगले हायत' असं समजवायला गेलो नाही. तिच्यासाठी ते चांगले नव्हते, एवढं मला कळायला लागलं होतं.

वर्ष संपताना किल्लारी एक चिठ्ठी घेऊन दुकानात आली, मागं सगळी टीम. चिठ्ठीवर पोरींच्या सह्या, आणि वर लिहिलेलं: 'सर. एक अक्षर.'

"एकच?"

"एकच. पहिलं. अन् कारण विचारू नका मामा, आम्ही सांगणार न्हाई." सगळ्या खिदळल्या.

मी 'प्र' लावला. वर्षभर सर पाठीवर तेवढाच 'प्र' घेऊन लातूरभर फिरले. गंजगोलाईच्या बाजारात कुणी विचारलं, सर, बाकीचं कुठं पडलं? तर मोठ्या ऐटीत म्हणायचे, "पोरींकडं हाय." पुढच्या वर्षी 'शि' लागला. मग तयार जर्स्या यायला लागल्या, दाबलेल्या नंबराच्या, आणि माझं काम बसलं. ओळखीच्या ठेकेदारानं तिरुपूरचं नाव काढलं. निघताना मी अक्षरांचा डबा सरांकडं द्यायला गेलो. त्यांनी घेतला नाही. "तो कॅप्टनकडं दे."

एवढं सगळं आठवून झालं तरी माझं ठरेना. पोरगी माझी. ती मोठी औसा निघाली तर? बुधवारी मीच फोन लावला. म्हणालो, "नाव नंतर दे. आधी एकदा कोर्टावर जाऊन ये, आणि सरांच्या जॅकेटच्या पाठीवर काय हाय ते मला सांग."

रविवारी फोन आला.

"तीन अक्षरं हायत, बाबा. चौथ्याची नुसती सावली. अन् ती अक्षरं माझी हायत ना? 'क्ष' असला वाकडा मीच काढत होते."

"तुझीच. चौथं कुठाय?"

"कॅप्टनच्या डब्यात. वर्ष संपलं की पुढच्या कॅप्टनला देतेत. सर दरसाल विचारतेत म्हणं, यंदा तरी लावता का? पोरी म्हणतेत, बघू."

मी इतका हसलो की खोलीतले दोघे उठून बसले. "तुला काय म्हणाले?"

"गाव विचारलं. मी लातूर म्हणलं, तर म्हणाले, लातूर लई हायत, बाप कुठं असतो? मग म्हणाले, तू तिरुपूर. पण बाबा, पाचला ये म्हणून सांगितलं होतं अन् मला उशीर झाला. क्लास सुटायलाच सव्वापाच झाले."

"मग?"

"म्हणाले, कारण?"

"सांगितलंस?"

"सांगितलं की. सगळं ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, क्लास कुठला, रिक्षा कुठून मिळते. फळ्यावर माझ्यापुढं साडेपाच लिहिलं. अन् मग म्हणाले, आलीच हायस तर झाडू घे, अर्धं कोर्ट मी झाडतो, अर्धं तू."

"नाव दे," मी म्हणालो. "आणि ऐक. तो डबा कधी तुझ्या हातात आला, तर चौथं अक्षर लावायची घाई करू नको."